स्लेड नाही हो, पहिला किलोमीटर नडतोय

मागच्या वेळी जाता जाता हायरॉक्सचा नुसता उल्लेख केला आणि इनबॉक्स भरून वाहायला लागला. मला वाटलं होतं गुडघे, कंबर, पोट कमी होत नाही हेच प्रश्न येत राहणार, पण नाही, अर्ध्या महाराष्ट्राला स्लेड ढकलायचीये असं दिसतंय. तर या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकला.

ज्यांना हे काय प्रकरण आहे माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. हॉलच्या आत होणारी रेस आहे, १ किलोमीटर पळायचं, एक स्टेशन करायचं, परत १ किलोमीटर, परत स्टेशन, असं आठ वेळा. स्टेशनं आणि त्यांचा क्रम जगात कुठेही गेलात तरी तोच: स्कीअर्ग (स्कीइंगसारखे दोर वरून खाली ओढायचं मशीन) १००० मीटर, स्लेड पुश (वजनं लादलेली लोखंडी घसरगाडी ढकलायची) ५० मीटर, स्लेड पुल (तीच दोराने ओढायची) ५० मीटर, बर्पी ब्रॉड जंप ८० मीटर, रोइंग १००० मीटर, फार्मर्स कॅरी (दोन्ही हातांत वजन घेऊन चालायचं) २०० मीटर, सँडबॅग लंजेस (खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन एकेक गुडघा टेकवत पुढे जायचं) १०० मीटर आणि शेवटी दम निघालेला असताना १०० वॉल बॉल (जड चेंडू घेऊन बसायचं आणि उठता उठता वर टार्गेटवर फेकायचा). २०१७ मध्ये जर्मनीत हँबर्गला ही कल्पना जन्मली, सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक मॉरिट्झ फ्युर्स्टे म्हणजे जर्मनीचा हॉकीवाला, २००८ आणि २०१२ ची ऑलिम्पिक गोल्ड घेतलेला. आपल्याकडे पहिली रेस मे २०२५ मध्ये गोरेगावला नेस्कोत झाली. अंतर सगळीकडे सारखं, आपापल्या गटात (नेहमीचा ओपन, जास्त वजनांचा प्रो, जोडीने करायचा डबल्स) वजनंही सारखी, त्यामुळे ठाण्याचा माणूस आपला टाइम लंडनवाल्याशी ताडून बघू शकतो, आणि एकदा का माणूस टाइम ताडायला लागला की त्याची झोप उडालीच म्हणून समजा. तर चला, प्रश्न घेऊ.

प्रश्न: नमस्कार ताई, मी ठाण्याचा, वय ३४, आयटीत आहे. पहिली हायरॉक्स ओपनमध्ये केली, टाइम आला १ तास ३८ मिनिटं. मला दीड तासाच्या आत यायचंय. स्लेडने माझी पार वाट लावली, पाय जे गेले ते शेवटपर्यंत परत आलेच नाहीत. पायांची ताकद कशी वाढवू? सध्या आठवड्यातून चार दिवस जिम आणि एक दिवस रनिंग करतो, नुसतं ५ किलोमीटर पळालो तर २५ मिनिटं लागतात. स्प्लिट्स सोबत पाठवतोय.

उत्तर: दादा, स्प्लिट्स, म्हणजे प्रत्येक टप्प्याचा वेगळा टाइम, पाठवलेत म्हणून तुमचे मनापासून आभार, कारण नव्वद टक्के लोक नुसतं "मेलो" एवढंच लिहितात. वाचकांनाही कळावं म्हणून आकडे इथे देते. तुमचे आठ किलोमीटर असे गेले: ४:५५, ५:४०, ६:३५, ६:५०, ६:२५, ६:२०, ६:१५ आणि ७:३०. बेरीज ५० मिनिटं ३० सेकंद. आठही स्टेशनं मिळून ३९ मिनिटं. आणि रॉक्सझोन, म्हणजे ट्रॅकवरून स्टेशनकडे जायचा आणि परत यायचा जो पट्टा असतो तो, तिथे तुम्ही ८ मिनिटं ३० सेकंद घालवलीत.

आता तुम्हीच बघा. स्लेड पुशला तुम्हाला लागली ३ मिनिटं १० सेकंद. ओपन पुरुषांना स्लेडसकट १५२ किलो असतात, पहिल्या रेसला ३:१० काही वाईट नाहीये. तुम्ही वर्षभर स्क्वॉट मारून मारून ती २:४० वर आणलीत तर मिळणार काय, ३० सेकंद. आणि तुम्हाला हवीत ८ मिनिटं.

पाय स्लेडने गेले नाहीत हो. ते आधीच गेले होते, स्लेडवर तुम्हाला फक्त कळलं. तुमचा नुसता ५ किलोमीटरचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ५:०० आहे आणि रेसचा पहिला किलोमीटर तुम्ही ४:५५ ला पळालात! म्हणजे जो वेग तुम्हाला २५ मिनिटंच झेपतो, त्याच्यापेक्षा जास्त वेगाने दीड तासाच्या रेसला सुरुवात केलीत. मला माहितीये का होतं ते, गाणी वाजतायत, अनाउन्सर ओरडतोय, लाटेतले, म्हणजे तुमच्याबरोबर सोडलेल्या गटातले, सगळे सुसाट सुटलेत, बायको कठड्यापाशी मोबाइल धरून उभी आहे, कोण हळू पळणार. पण तो किलोमीटर तुम्ही उधारीवर घेतलात आणि तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला व्याजासकट फेडलात, ६:३५ आणि ६:५० बघा ना.

आणि त्याच उधारीत स्कीअर्गची भर. तुम्ही १००० मीटर ४:२० मध्ये मारलंत, म्हणजे ५०० मीटरला २:१० चा पेस. या मशीनचं गणित कुणी सांगत नाही म्हणून सांगते. वेग वाढवला की लागणारी ताकद त्याच प्रमाणात वाढत नाही, ती घनात वाढते. २:२० च्या पेसला साधारण १२८ वॉट लागतात आणि २:१० ला १५९. म्हणजे २० सेकंद वाचवायला तुम्ही चोवीस-पंचवीस टक्के जास्त जोर लावलात, तोही रेसच्या सातव्या मिनिटाला, आणि त्यानंतर रोइंगला तुमचा पेस आला २:२५. पुढच्या वेळी स्कीअर्ग सरळ २:२० ने करा. शेजारचा पुढे जाईल, जाऊ दे त्याला, तिसऱ्या किलोमीटरला भेटेल.

आता करायचं काय. माझं म्हणणं एवढंच आहे की हायरॉक्स ही जिमची रेस नाही, ही पळायची रेस आहे ज्यात मधे मधे कुणीतरी तुमचे पाय ओढतं. तुमची निम्म्याहून जास्त रेस पळण्यात गेली, आणि तुम्ही पळायला जाता आठवड्यातून एक दिवस! चार दिवस जिमचे दोन करा आणि पळणं तीन दिवस. त्यातला एक दिवस एकदम हळू, ५० मिनिटं ते एक तास, उपवनला जा, सोबत मित्र घ्या आणि त्याच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे एवढ्याच वेगाने पळा, वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा, लाज वाटली तरी. तुमच्यासाठी तो पेस साडेसहा-पावणेसात येईल. दुसरा दिवस इंटरव्हल, १ किलोमीटर सहा वेळा, ५:१५ ते ५:२० ने, मधे दीड मिनिट विश्रांती. सहावा पहिल्याएवढाच आला पाहिजे, नाही आला तर पहिला चुकला होता.

तिसरा दिवस महत्त्वाचा. याला जिमवाले कॉम्प्रमाइज्ड रनिंग म्हणतात, मी त्याला जड पायांचं पळणं म्हणते. १ किलोमीटर पळा, लगेच २० मीटर जड स्लेड किंवा ३० लंजेस, लगेच परत १ किलोमीटर. चार ते पाच फेऱ्या. स्लेडवरून उठल्यावर पहिली २०० मीटर पाय दुसऱ्याचेच आहेत असं वाटतं, तेव्हा लोक चालायला लागतात आणि एकदा चालायला लागलं की परत पळायची इच्छा होत नाही. त्या २०० मीटरमध्ये छोटी छोटी पावलं टाकत, अगदी सात मिनिटाच्या पेसने का होईना पण पळत राहायचं, पाय आपोआप मोकळे होतात. ही सवय आहे, ताकद नाही, आणि सवय सहा-आठ आठवड्यांत लागते.

हिशोब करून बघा. आठही किलोमीटर ५:४५ ने गेले तर ४६ मिनिटं, साडेचार मिनिटं वाचली. रॉक्सझोन साडेसहावर आणा, दोन मिनिटं. त्यासाठी एकच करायचं, तिथे चालायचं नाही. पाणी प्यायला थांबणं, टीशर्ट नीट करणं, कमरेवर हात ठेवून छताकडे बघणं, हे सगळं तिथेच होतं. राहिलं दीड मिनिट, ते स्लेड पुलमध्ये आहे. पुश नाही, पुल! तुम्हाला ५:४० लागली, ती नुसती हातांनी ओढल्यामुळे, त्याबद्दल खालच्या पैलवानांच्या उत्तरात लिहिलंय ते वाचा.

प्रश्न: मॅडम राम राम. मी कोल्हापूरकडचा, वय २९, दहा वर्षं तालमीत होतो, आता स्वतःचा धंदा हाय. मित्रांच्या नादाने हायरॉक्सला नाव घातलंय. ताकदीचं काय टेन्शन नाही, पण आमच्याकडं जिममध्ये स्लेड नाही, स्कीअर्ग तर बघितलेला पण नाही. आणि पळायला लागलो की दोन किलोमीटरमध्ये धाप लागते. वजन ९४ किलो. कसं करायचं?

उत्तर: राम राम पैलवान. तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण तुमच्याकडे जे आहे ते जिमच्या पोरांकडे नाही आणि तुम्हाला त्याची किंमत माहीत नाही. दहा वर्षं सपाटे मारलेत ना? मग बर्पी ब्रॉड जंप म्हणजे तुमच्यासाठी सपाटा मारून पुढे उडी, बस. छाती जमिनीला लागली पाहिजे, उठताना पाय एक एक करून आणलेत तरी चालतं, उडी मात्र दोन्ही पायांनी एकदम. लांब उड्या मारायच्या नादाला लागू नका, ९४ किलो हवेत उडवायला लागतात प्रत्येक वेळी. मध्यम उडी, एकच लय, तोंडाने श्वास सोडत.

स्लेड नाही म्हणता, तर ट्रकचा जुना टायर आणि दोर मिळेल की नाही? टायरमध्ये प्लेटा किंवा वाळूची पोती टाका आणि तालमीच्या मागच्या मोकळ्या जागेत दोर धरून स्वतःकडे ओढा. रेसमध्ये ओपनला पुलचे १०३ किलो असतात, कार्पेटवर ते जास्तच जड लागतात, त्यामुळे किलो मोजत बसू नका, १२-१३ मीटर ओढायला पाऊण मिनिट लागेल एवढं वजन ठेवा आणि चार वेळा ओढा. रेसमध्ये आखलेल्या चौकोनाच्या आतच राहावं लागतं आणि बसायला परवानगी नाही. मग काय करायचं, चौकोनाच्या पुढच्या रेषेपाशी दोर घट्ट धरायचा, हात सरळ ठेवायचे आणि अंग मागे टाकत दोन-तीन पावलं मागे यायचं, परत पुढे जाऊन धरायचं. ओढतं ते तुमचं वजन, दंड नाही. तुम्हाला तर हे सांगायलाच नको, समोरच्याला मानेला धरून खेचताना कोण नुसत्या दंडाने खेचतं. (ठाण्याचे दादा, वाचताय ना?)

पुशसाठी भिंत नाहीतर उभा ट्रॅक्टर चालेल, म्हणजे तो हलवायचा नाही, नुसता २० सेकंद ढकलून धरायचा, कंबर खाली, पावलं छोटी. आणि चढ. तुमच्याकडे जोतिबा आहे, पन्हाळा आहे, चढावर आठवड्यातून एकदा झपाझप चालत जा, पळत नाही, चालत. स्कीअर्गची चिंता नको, रेसच्या आधी दोन-तीन वेळा कोल्हापूर-पुण्यात जिथे मशीन असेल तिथे दिवसाचे पैसे भरून बसा, म्हणजे उभे राहा, आणि एवढंच शिका की ते हाताने ओढायचं नसतं, पोट आवळून अंग वरून खाली टाकायचं असतं.

आता धाप. कुस्तीत तुम्ही दम कोंडून जोर लावता, पकड धरली की श्वास बंद. ती सवय इथे घात करते. स्लेडवर, फार्मर्स कॅरीत, सगळीकडे तुम्ही श्वास कोंडणार आणि पुढच्या किलोमीटरला फाटणार. म्हणून सराव करताना मोठ्याने श्वास सोडा, आवाज काढा, लोक हसले तर हसू दे. आणि पळताना पहिले सहा आठवडे चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, असं ४० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. तालमीतल्या माणसाला चालणं कमीपणाचं वाटतं, मला माहितीये. पण ९४ किलोचे गुडघे एकदम रोज पाच किलोमीटरला लावलेत तर नडगी दुखायला लागेल आणि मग महिनाभर घरात.

एक अजून. मित्र तुम्हाला प्रोमध्ये नाव घाल म्हणतील, "तुला काय रे, पैलवान तू". प्रोला पुश २०२ आणि पुल १५३ किलो असतं, ते तुम्ही हलवाल पण, पण पळणं तेवढंच राहतं. पहिली ओपन करा.

प्रश्न: ताई, आम्ही नाशिकच्या दोघी जावा, वय ४१ आणि ३७. विमेन्स डबल्समध्ये उतरणार आहोत. मी धाकटी, मी पळते बऱ्यापैकी, माझ्या मोठ्या जाऊबाई माझ्यापेक्षा ताकदवान आहेत पण त्यांना पळताना फार दम लागतो, हल्ली तर जिने चढतानाही लागतो. कामाची वाटणी कशी करायची यावरून रोज वाद होतात. सासूबाई म्हणतात तुम्ही आधी आपसात भांडण मिटवा मग पळा.

उत्तर: सासूबाईंना माझा नमस्कार, कोच म्हणून त्यांचीच नेमणूक करा.

आधी मोठ्या जाऊबाईंचं. व्यायाम चालू असताना दम कमी कमी लागायला पाहिजे, उलटा वाढतोय आणि जिन्यावरही लागतोय तर रेस राहू दे बाजूला, आधी डॉक्टरकडे जा, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही तपासायला सांगा. पुष्कळ बायकांमध्ये हिमोग्लोबिन बरं दिसतं पण लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तळाला गेलेलं असतं, पाळीला जास्त जात असेल तर नक्कीच बघा. आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. रिपोर्ट आल्याशिवाय इंटरव्हल बंद, हळू चालणं-पळणं चालू.

आता वाटणी. डबल्सचा नियम असा की पळायचं दोघींनी, आठही किलोमीटर, आणि बरोबर. स्टेशनवर मात्र काम कसंही वाटून घ्या, एका वेळी एकच करणार. याचा अर्थ काय झाला, पळण्याचा वेग ठरवणार मोठ्या जाऊबाई, तुम्ही कितीही हरणासारख्या पळालात तरी टाइम त्यांच्याच पावलांवर येणार. मग तुमचं काम काय? त्यांना पळताना ताजं ठेवणं. स्कीअर्ग आणि रोइंगला तुम्ही ६०० मीटर घ्या, त्यांना ४००. बर्पी तर तुम्ही जास्तच घ्या, ती सगळ्यात जास्त दम काढतात. स्लेड त्यांच्या हातात द्या, १०२ किलोचा पुश आणि ७८ चा पुल, ५० मीटर म्हणजे साडेबारा मीटरच्या चार फेऱ्या, एक त्यांची एक तुमची किंवा तीन त्यांच्या, सरावात काय निघतं बघा. फार्मर्स कॅरीला १६-१६ किलोच्या केटलबेल, ५० मीटरला बदला. लंजेसला सँडबॅग १० किलोची असते, देताना खांद्यावरून खांद्यावर द्यायची, जमिनीला टेकवायची नाही, हे देणं-घेणं घरी उशी घेऊन दहा वेळा करून बघा, हसू येईल पण रेसमध्ये तिथे दोघींची डोकी आपटतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. वॉल बॉल दहा-दहा. "तुला जमेल तेवढं मार मग मी घेते" असं ठेवू नका, भांडण तिथेच होतं, कारण दमल्यावर प्रत्येकीला वाटतं मीच जास्त केलं. आकडा आधी ठरवा आणि फ्रीजवर चिकटवा.

प्रश्न: पुण्याहून विचारतोय. सरावात मी ४० वॉल बॉल एका दमात मारतो, रेसमध्ये मात्र जज सारखे नो रेप (म्हणजे हा मोजला नाही) देत होते, १०० मारायला ८ मिनिटं लागली. जज कडक होता की माझं चुकतंय?

उत्तर: जज कडक नसतो हो, आपण दमलेले असतो. नुसती मांडी आडवी होऊन भागत नाही, नितंब गुडघ्याच्या खाली जाईपर्यंत बसायचं असतं आणि चेंडू टार्गेटला लागायला हवा, पुरुषांसाठी ३ मीटरवर, ओपनला ६ किलोचा चेंडू. ताज्या पायांनी तुम्ही आरामात खाली जाता, १०० मीटर लंजेस आणि त्यावर एक किलोमीटर पळून आल्यावर शरीर गुपचूप चार बोटं वर थांबतं आणि तुम्हाला कळतही नाही. म्हणून वॉल बॉलचा सराव कधीही ताजेतवाने असताना करू नका. ५० लंजेस, ८०० मीटर पळणं आणि मग वॉल बॉल, आणि मित्राला बाजूने व्हिडिओ काढायला लावा. व्हिडिओ बघून वाईट वाटेल.

एका दमात ४० मारायची हौस सोडा. २५, २०, १५, १५, १५, १० असे शंभर करा, आणि प्रत्येक वेळी थांबल्यावर चार श्वास मोजायचे आणि पाचव्याला चेंडू उचलायचा. मोजलं नाही तर चार श्वासांचे चौदा होतात. चेंडू खाली येताना कपाळापाशीच पकडा आणि त्याच्याबरोबरच खाली बसा, छातीवर आदळू दिलात की त्याचा सगळा वेग तुम्ही झेललात, आणि परत वर पाठवायलाही तुम्हीच.

प्रश्न: माझा स्लॉट दुपारी २:४० चा आहे. काय खाऊ? एनर्जी जेल, कॉफी, क्रिएटिन, काय काय घ्यावं? वजन ६५ किलो. पनवेल.

उत्तर: दुपारचा स्लॉट म्हणजे पंचाईत, सकाळचं जिरून जातं आणि दुपारचं जिरत नाही. सकाळी आठला नेहमीचा नाश्ता, पोहे, इडली काहीही, शेंगदाणे आणि तेल कमी. मुख्य जेवण साडेअकराच्या आत उरका, साधा वरणभात किंवा दहीभात, एक ताटली, पोटाला तडस लागेपर्यंत नाही. उसळी, राजमा, कोशिंबीर, पनीर हे त्या दिवशी नको, चांगलं असतं सगळं पण लंजेसला पोटातून आठवण करून देतं. दोन वाजता एक केळं किंवा दोन खजूर. दीड तासाच्या रेसला जेल लागतंच असं नाही, घ्यायचंच तर एक, आणि सरावात दोनदा तरी घेऊन बघितलेलं.

कॉफीचा उपयोग होतो, किलोला ३ मिलीग्रॅम कॅफिन धरा, म्हणजे तुमच्यासाठी २०० मिलीग्रॅमच्या आत, साधारण तासभर आधी. घरच्या एका चमच्याच्या इन्स्टंट कॉफीत साधारण ६० च्या आसपास असतं, दोन कप स्ट्राँग पुरे. एरवी कॉफी पीत नसाल तर रेसच्या दिवशी पहिल्यांदा पिऊ नका, छाती धडधडेल आणि टॉयलेटची लाइन स्टार्टच्या लाइनपेक्षा मोठी असते. क्रिएटिन रोज ३ ते ५ ग्रॅम घेत असाल तर चालू ठेवा, नसाल तर रेसच्या आठवड्यात सुरू करायचं कारण नाही, अंगात पाणी धरतं आणि तेवढं वजन तुम्हालाच आठ किलोमीटर वाहायचंय.

हॉलमध्ये एसी असला तरी हजारो माणसं घाम गाळत असतात आणि मुंबईची हवा ती मुंबईचीच, घाम सुकत नाही. दोन तास आधी अर्धा लिटर लिंबू सरबत किंवा कोकम सरबत, मीठ नीट घालून, एकदम नाही तर हळूहळू. स्टार्टला उभं राहून पाणी ढोसू नका.

प्रश्न: दुबईत असतो, मूळ गाव सातारा. उन्हाळ्यात बाहेर पळणं शक्यच नाही, सगळं ट्रेडमिलवर. चालेल का?

उत्तर: चालेल, पळेल. १ टक्का चढ ठेवा. फक्त ट्रेडमिल वेग धरून ठेवतो, रेसमध्ये तो तुम्हाला धरायचा असतो, आणि ट्रॅकला वळणंही असतात. म्हणून आठवड्यातून एकदा इनडोअर ट्रॅक, मॉल नाहीतर पार्किंगची बेसमेंट काहीतरी शोधा जिथे वळून वळून पळता येईल. बाकी सातारकरांना चढ शिकवायची गरज नाही.

प्रश्न: ताई, रेसमध्ये घड्याळ ९०० मीटरलाच १ किलोमीटर दाखवत होतं, मी गोंधळून एक फेरी जास्त मारली असं वाटतंय. याला काय उपाय? डोंबिवली.

उत्तर: अहो, माझंच सांगते. पहिल्या रेसला सहाव्या किलोमीटरनंतर मी फार्मर्स कॅरीच्या गेटसमोरून सरळ निघून गेले, माझा नवरा पलीकडून हात हलवत ओरडत होता, मला वाटलं प्रोत्साहन देतोय, मीही हात हलवला. अख्खी फेरी फुकट. घरी आल्यावर चार दिवस मला पाण्याचा ग्लास देताना पण तो विचारायचा, "कितवा?"

छताखाली जीपीएसला काही दिसत नाही, घड्याळ अंदाजे ठोकून देतं, त्यामुळे अंतर बघूच नका. फेऱ्या मोजणं हे तुमचं काम असतं, कमी मारल्यात तर पेनल्टी आणि जास्त मारल्यात तर बोनस काही नाही. किती फेऱ्यांचा एक किलोमीटर हे प्रत्येक हॉलमध्ये वेगळं असतं, आदल्या दिवशी येणाऱ्या मेलमध्ये आणि तिथल्या नकाशावर लिहिलेलं असतं, ते वाचा. घड्याळ मॅन्युअल लॅपवर ठेवा आणि प्रत्येक फेरीला त्याच खांबापाशी बटण दाबा. मी आता हातात रबरबँड घालते, एक फेरी झाली की एक या मनगटावरून त्या मनगटावर. लोक विचारतात हे काय, मी सांगते नवस आहे.